तिच्या नावाला ओ देणारी

शनिवार, आठ नोव्हेंबर. सकाळी कूलर आवरायला काढला होता. दिवाळी होऊन गेली तरी तो खिडकीत तसाच उभा होता, आणि आमच्या अमरावतीत हे काम लांबवलं की टाकीत उरलेल्या पाण्यावर डास होतात. जाळ्या सोडवून त्यातलं काळं पडलेलं गवत मी पोत्यात भरत होते. हात कोपरापर्यंत माखलेले. तेवढ्यात फोन वाजला. नंबर अकोल्याचा होता. मी कोपरानेच स्पीकर चालू केला.

"मॅडम, तुमची भेट आज ठेवली आहे. दोनच्या आत पोचा. तुम्ही आणि मुलीची आई, दोघीच. बाकी कोणाला आणू नका."

बोलत होती ती अकोल्याबाहेरच्या एका महिला निवासगृहाची अधीक्षक. ही भेट मी जूनपासून मागत होते. मी हो म्हटलं, हात धुतले, गवताचं पोतं अंगणातच सोडलं आणि खालांना फोन केला.

मी वकील आहे. राजापेठेत भावाच्या झेरॉक्सच्या दुकानामागे माझी खोली आहे. घरभाडं, फारकत, वारसाची नोंद, अशी कामं येतात. खाला जूनमध्ये अशाच पक्षकार म्हणून आल्या होत्या; खाला म्हणजे मावशी, मी त्यांना तसंच म्हणते. त्या रजया भरतात. त्यांच्या घरात तीन पिढ्या कापूस पिंजण्याचं काम आहे. नवरा नाही. एकुलती एक मुलगी. तिचं लग्न मोडलं, मग डोकं ठिकाणावर राहिना, एक दिवस घरातून निघाली ती बडनेरा स्टेशनवर पोलिसांना सापडली. कोर्टाच्या हुकमाने अकोल्याच्या या निवासगृहात गेली. सुरुवातीला खालांना भेटू देत. नवी अधीक्षक आली आणि भेटी बंद झाल्या. कधी नियम बदललेला असे, कधी डॉक्टरांची परवानगी नसे, कधी "तीच नाही म्हणते" असं उत्तर मिळे. मुलगी स्वयंपाकिणीच्या मोबाइलवरून चोरून फोन करायची. मेमध्ये तेही फोन थांबले.

"मले काही पैसा-बिसा नको कोनाचा," खाला पहिल्याच दिवशी म्हणाल्या होत्या. "माही पोरगी पाहून येऊ द्या, बस. अन् नसन तं सांगा, कुठी हाये. माती द्याले तं जाईन."

मी त्यांच्या वतीने दिल्लीच्या मानवी हक्क आयोगाकडे तक्रार टाकली. लोकांना वाटतं, आयोग म्हणजे मोठं कोर्ट. तसं नाही. आयोग कोणाला तुरुंगात घालू शकत नाही. तो विचारतो. जिल्ह्याला नोटीस पाठवतो, अहवाल मागतो, गरज वाटली तर आपली माणसं पाठवतो, शेवटी शिफारस करतो. माझ्या क्षेत्रातले बरेच जण याला हसतात. पण विचारण्याचीही एक ताकद असते. दिल्लीहून प्रश्न आला की इथल्या कोणाला तरी खुर्चीत बसून उत्तर द्यावंच लागतं, खरं किंवा खोटं.

उत्तर आलं. जिल्ह्याच्या अधिकाऱ्याने निवासगृहात जाऊन पाहणी केली, सदर महिला हजर होती, तिने स्वतःचं नाव सांगितलं, प्रकृती ठीक आहे. आयोगाच्या पद्धतीप्रमाणे त्या अहवालाची प्रत आम्हाला आली आणि तुमचं म्हणणं काय, असं विचारलं गेलं. मी लिहिलं, आमचं म्हणणं एवढंच की आईला मुलगी पाहू द्या. आयोगाने जिल्ह्याला तसं कळवलं. मग हा फोन.

बस मूर्तिजापूरला बराच वेळ थांबली. खालांनी पिशवीत रव्याचे लाडू घेतले होते आणि मुलीसाठी एक पातळ रजई. "थंडी पडून राहिली ना आता," एवढंच त्या बोलल्या. मी त्यांना आशा दाखवली नाही आणि भीतीही घातली नाही. अहवालात मुलगी जिवंत होती. मी अहवाल धरून चालले होते.

निवासगृहात पाऊल ठेवलं आणि पहिली गोष्ट जाणवली ती शांतता. बायकांनी भरलेल्या घरात एवढी शांतता मी कुठे पाहिली नाही. फरशी ओली, फिनाइलचा वास, भिंतींना नवा चुना. लांब खोलीत खाटांच्या दोन रांगा आणि प्रत्येक खाटेवर एक बाई, पाय खाली सोडून, हात मांडीवर. सगळ्यांचे केस बारीक कापलेले. भर दुपारचं ऊन खिडकीतून आत आलं होतं, पण एकही बाई उन्हात बसली नव्हती. ऊन जिथे पडलं होतं, ती खाट मोकळी होती. तिच्यावर चादर ताणून घातलेली, उशी मधोमध.

खालांना दम लागला होता म्हणून मी त्यांना त्या खाटेकडे नेलं. शेजारच्या खाटेवरची म्हातारी हळूच म्हणाली, "तिथं नोका बसू, बाई. ते झोपून राहिली ना."

खाटेवर कोणी नव्हतं. मी म्हातारीकडे पाहिलं. ती माझ्याकडे न पाहता उशीकडे पाहत होती, आणि दोन खाटा पलीकडची एक बाई तोंडावर बोट ठेवून मला गप्प राहायची खूण करत होती, घरात लहान मूल निजलं असलं की करतात तशी.

"यांच्या बोलण्याकडे लक्ष देऊ नका," अधीक्षक बाई म्हणाली. चाळिशीची, इस्त्रीची साडी, बोलणं गोड. जिल्हा कार्यालयातला एक तरुण अधिकारी तिच्यासोबत होता, मोबाइलमध्ये डोकं घातलेला. तिने खोलीच्या टोकाकडे तोंड करून खालांच्या मुलीचं नाव घेतलं.

"आली," कोणीतरी म्हणालं.

पडद्याआडून एक बाई आली. तीस-बत्तीसची, हडकुळी, डोक्यावर ओढणी. हातात कापडी बॅग, नाड्या घट्ट बांधलेल्या. ती सरळ खालांसमोर येऊन जमिनीवर बसली आणि त्यांचे गुडघे धरले.

"अम्मी, कित्ते दिन लगाए तुमने."

मी खालांकडे पाहत होते. त्यांच्या चेहऱ्यावर काही हललं नाही. फक्त त्यांनी हात उचलला आणि तो बाईच्या डोक्यापर्यंत नेऊन, न टेकवता, परत पिशवीवर ठेवला. मला तेवढ्यात कळलं. ही ती नव्हे.

अधीक्षकेलाही तो हात दिसला असावा. ती लगेच म्हणाली, "आजारात फार उतरली हो. केसही काढावे लागले, उवा झाल्या होत्या. दोन दिवसांपूर्वी तर मीच ओळखलं नाही."

मी तोंड उघडणार, तर खालांनी माझ्या मनगटावर बोटं ठेवली. थांबा, असा दाब. आणि त्या बाईला म्हणाल्या, "बेटा, घर याद हाये तुले?"

"हाये ना. दारातली पायरी फुटली होती, ती दुरुस्त केली का?"

"नाही."

"अब्बा खोकायचे तेव्हा तुम्ही भिंतीवर हात मारायच्या, शेजारच्यांना वाटावं तुम्हीच आवाज करून राहिल्या. अन् तुम्ही कापूस पिंजायला बसल्या की तोंडाला ओढणी बांधायच्या. भुवया पांढऱ्या, पापण्या पांढऱ्या. मी लहान होती. मले वाटायचं, अम्मीला कोणी घेऊन गेलं अन् तिच्या जागी दुसरीच बसवली. मी रडायची. मग तुम्ही ओढणी सोडून दाखवायच्या."

खालांचा श्वास मला ऐकू येत होता. ही गोष्ट घराबाहेर कोणाला माहीत असायचं कारण नव्हतं, असं त्यांनी नंतर मला सांगितलं. खोलीतल्या सगळ्या बायका आता आमच्याकडे वळल्या होत्या, कोणी खाट करकरू न देता.

"बघा," अधीक्षक बाई म्हणाली, "सगळं आठवतं तिला. आज सही करा आणि आजच घेऊन जा. मी कागद तयार ठेवलेत. आयोगालाही कळवून टाकू, विषय संपला. सगळ्यांच्याच दृष्टीने बरं."

ही चाल मला बसल्या जागी समजली. आधी त्या पाहणीच्या दिवशी कोणीतरी उभी करायची होती, ती केली. मग आयोगाने आई पाठवली. आता माघार घेता येत नव्हती. म्हणून त्यांनी तीच बाई शोधली होती, जिला खालांच्या मुलीबद्दल सगळ्यात जास्त माहीत होतं. उत्तरं चुकू नयेत म्हणून. एवढा एकच विचार त्यांनी केला होता, आणि त्याच्या पुढचा केला नव्हता.

"तुह्या फोनवरच्या गोष्टीत एक मैत्रीण असायची," खालांनी विचारलं. "बाजूच्या खाटेवरची. तुले हसवायची ते. कुठी हाये?"

बाई काही बोलायच्या आत अधीक्षक म्हणाली, "ती पळून गेली. मे महिन्यातच. पोलिसांत नोंद आहे."

जमिनीवर बसलेल्या बाईने मान खाली घातली. खालांनी पिशवीतून लाडू काढून तिच्या हातात दिला. ती तो खाऊ लागली, दोन्ही हातांनी धरून, भराभर.

"मेमधी तुहा फोन बंद झाला," खाला म्हणाल्या. आवाज अगदी साधा, बाजारातून काय आणलं ते विचारावं तसा. "काहून बंद केला, बेटा? काय झालतं तुले?"

"ताप होता."

"मंग?"

"मले पलीकडच्या खोलीत नेलं. तिथं पंखा नाही. बाकीच्या जणींले लागीन म्हणून दार लावून घेतलं."

"बस, आता थकली ती," अधीक्षक पुढे आली. मी उठून तिच्या आणि त्या बाईच्या मध्ये उभी राहिले. माझं शरीर भरदार आहे, अशा वेळी उपयोगी पडतं.

"मंग?"

"मले तहान लागली. लय हाका मारल्या मी. भिंतीच्या तिकडून मी हाका मारत होती अन् भिंतीच्या इकडून मीच ऐकत होती. इकडून मी भिंतीवर थाप मारली, की ऐकून राहिली, थांब. पण दाराले बाहेरून कडी. मंग तहान गेली. मंग मी हाका माराचं सोडलं."

लाडू संपला होता. ती बोटं चाटत होती. अधिकाऱ्याने मोबाइल खिशात ठेवला होता.

"सकाळी बाईनं येऊन मले हलवलं," ती म्हणाली. "मी उठली नाही. माह्याच चादरीत मले बांधलं अन् मागच्या दारानं गाडीत घातलं. मी मेली होती ना, अम्मी."

रांगेतल्या कुणीतरी "हो" म्हटलं. मग दुसरीने. हळू आवाजात, एकामागून एक, दोन्ही बाजूंच्या खाटांवरून हो, हो असं आमच्यापर्यंत आलं आणि थांबलं. उन्हातल्या त्या मोकळ्या खाटेकडे मी पाहिलं नाही. पाहायचं नाही असं ठरवूनच पाहिलं नाही.

खाला वाकल्या. "कुठी नेलं, बेटा? गाडलं का जाळलं?"

बाईने त्यांच्याकडे पाहिलं. खरोखर आठवायचा प्रयत्न करत होती, कपाळाला आठ्या घालून.

"माहीत नाही," ती म्हणाली. "डोळे बंद होते."

अधीक्षक बाई हसली. तिला हसता आलं याचंच मला नवल वाटलं. "पाहिलंत ना? हा आजारच असा आहे. आज म्हणते मेली, उद्या म्हणेल कलेक्टर आहे. यावर काय विसंबायचं?"

"विसंबायचं की नाही ते आयोग ठरवेल," मी म्हटलं. "आपण फक्त झालं ते लिहायचं." अधिकाऱ्याला मी पेन दिलं. "भेटीचा वृत्तान्त तुम्ही लिहिणार ना?"

"मॅडम, हे मी कसं लिहू? माझी नोकरी आहे."

"मग असं लिहा की तुम्ही इथे होतात आणि तुम्हाला काही ऐकू आलं नाही. त्याखाली सही करा."

त्याने पेन धरलं. खोलीत पाहिलं. बायका त्याच्याकडे पाहत होत्या. शेवटी त्याने लिहिलं, 'भेट झाली. आईने ओळख पटल्याचे सांगितले नाही. महिलेने मे महिन्यातील घटनेबाबत कथन केले.' त्यापुढे लिहायला त्याचा हात चालेना. मी म्हटलं, एवढं पुरे, आणि त्याच्या सहीचा फोटो काढला.

खालांच्या पुढ्यात अजून तो ताबा घेण्याचा कागद होता. सही केली असती तर ती बाई त्यांच्यासोबत बाहेर पडली असती. बॅग भरलेली होती. खालांनी कागद दोन्ही हातांनी उचलून माझ्याकडे दिला.

"मी सही केली तं माही पोरगी जित्ती राह्यली सरकारात. मंग तिले शोधीन कोन?"

बाईला नकार कळला. ती रडली नाही. बॅगेच्या नाड्या सोडून तिने पुन्हा बांधल्या. "मी बॅग भरली, अम्मी," ती म्हणाली.

खालांनी रजई तिच्या अंगावर घातली आणि आम्ही निघालो. दारापर्यंत जाऊन मी परत आले आणि तिच्या कानाशी वाकून विचारलं, "तुझं नाव काय? तुझं स्वतःचं?"

तिने खालांच्या मुलीचं नाव सांगितलं. लबाडी नव्हती त्यात. अधीक्षक मागेच उभी होती म्हणून सांगितलं असेल, किंवा आता तिच्यापाशी तेवढंच उरलं असेल. मला आजही ठरवता आलेलं नाही.

बसमध्ये खाला खिडकीशी बसल्या. बोरगाव गेलं, मूर्तिजापूर गेलं. त्या रडतील म्हणून मी रुमाल काढून ठेवला होता, तो तसाच राहिला. बडनेरा जवळ आल्यावर म्हणाल्या, "वकीलबाई, ते पळाली नाही."

"कोण?"

"बाजूच्या खाटेवाली. हसवणारी. दुपारी माह्यापुढंच बसली होती ना ते."

माझ्या डोक्यात ते तोवर आलं नव्हतं, हे सांगायला हवं. मी मेलेल्या मुलीचा विचार करत होते, तिचा पुरावा कसा उभा करायचा याचा. खालांनी म्हटल्यावर दुसरी बाजू दिसली. मेलेली कागदोपत्री जिवंत होती आणि जिवंत होती ती पळालेली. जी मुळात तिथे नाहीच, तिला उद्या काहीही झालं तर विचारणार कोण? आणि आज तिने सगळ्यांदेखत तोंड उघडलं होतं.

"आपुन तिले तिथंच सोडून आलो," खाला म्हणाल्या.

"हो," मी म्हटलं. खोटा दिलासा देण्यात अर्थ नव्हता. "उद्या परत जाऊ."

"सुट्टी हाये उद्या. जाऊ देतीन?"

"जाऊन पाहू."

राजापेठेत उतरलो तेव्हा बाजार भरात होता. दुचाक्या, शिकवण्यांतून सुटलेली पोरं, भज्यांच्या गाड्या. एका दुकानात कोणी कोणाला तरी नावाने हाक मारली, आतून "आली" असं उत्तर आलं, आणि मी चालता चालता थबकले. असं मला होत नाही. खालांना रिक्षात बसवलं, घरी आले, अंगणातलं कूलरचं गवत कचऱ्याच्या गाडीसाठी बाहेर ठेवलं आणि जेवले.

दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर उठून मी आयोगाच्या संकेतस्थळावर आधीच्या तक्रारीत भर घातली: भेटीत काय ऐकलं, अधिकाऱ्याच्या सहीचा फोटो, आणि आयोगाने स्वतःची माणसं चौकशीला पाठवावीत अशी विनंती. त्या मुलीचं दफन झालं की दहन, आणि कुठे, हा प्रश्न मी वेगळ्या परिच्छेदात, अगदी वर लिहिला. मग दुसरी, नवी तक्रार केली, जिवंत बाईसाठी. पीडित व्यक्तीचं नाव, या रकान्याशी अडले. रिकामा ठेवता येत नव्हता. 'नाव ठाऊक नाही, ती दुसऱ्या नावाने ठेवलेली आहे' असं लिहिलं. पोलिसांना आणि जिल्हाधिकाऱ्यांना प्रती पाठवल्या आणि मिळाली ती पहिली बस धरली. खाला आधीच येऊन बसल्या होत्या, डबा घेऊन.

निवासगृहाच्या फाटकावर काल न दिसलेला एक चौकीदार होता. म्हाताऱ्या माणसाने करावी तशी त्याने सावकाश चौकशी केली.

"कोनाले भेटाचं?"

"आतल्या एका बाईला."

"आत लय बाया हायेत. नाव सांगा. नावाबगर मी कोनाले हाक मारू?"

मी खालांकडे पाहिलं. त्यांनी तोंड वळवलं आणि लिंबाच्या पारावर जाऊन बसल्या. "तुमीच सांगा," म्हणाल्या. "माह्या तोंडातून निघनार नाही."

आत ती दिसली असती, तर काल रात्रीत तिला काही झालं नाही एवढं तरी मला कळलं असतं. ती दिसायला दुसरा रस्ता नव्हता. मी मेलेल्या मुलीचं नाव सांगितलं.

चौकीदार वळला आणि चुन्याने पांढऱ्या झालेल्या त्या भिंतींकडे तोंड करून त्याने ते नाव मोठ्याने हाकारलं.

"आली," आतून आवाज आला.

मी पिशवीतून ओळखपत्र काढून चौकीदाराच्या हातात ठेवलं.